फुकटचा कॉल, विकतचा कॉल

कॉल पहिला. फुकटचा.

"बोल ना रे! आई विचारतेय... येतोयस ना?"

आईच्या पलंगापासून दूर, खिडकीशी, जिथं काय ते नेट यायचं तिथं ताई मोबाइल धरून उभी होती. पडद्यावर परदेशातल्या धाकट्याचा चेहरा चौकोनाचौकोनांत फुटला, गोठला, आणि विहिरीच्या तळातून यावा तसा त्याचा आवाज आला,

"ताई, मी येणार नाही..."

कॉल तुटला.

ज्या भावासाठी तिनं आपलं शिक्षण सोडलं, ठरलेलं लग्न मोडलं, ऐन उमेदीची वर्षं युनिफॉर्मच्या कारखान्यात काज-बटणं करण्यात घालवली, त्याचं ते वाक्य तिच्या अंतःकरणात शिळेसारखं जाऊन बसलं. आता डोळ्यांत पाणी येईल म्हणून ती थांबली... आलं नाही. मग तिनं त्याचा नंबर ब्लॉक केला, फुकटच्या कॉलचं ते ॲपही काढून टाकलं, आणि पलंगाशी येऊन म्हणाली,

"निघालाय, आई."

चौथ्या दिवशी संध्याकाळी आई गेली. लेक वाटेत आहे, या समाधानात गेली!

मधली तीन वर्षं. कॉल नाही.

काका चारचौघांत कडाडले, "वेळेवर कळवलं असतंस, तर पोरानं आईचं तोंड तरी पाहिलं असतं!"

खरं सांगितलं असतं, तर धाकट्याच्या नावाला जन्माचा काळिमा लागला असता.

"चुकलंच माझं, काका," ताई म्हणाली.

एवढंच. मग काज, बटण, काज, बटण. कुणी हसलं की ती हसायची. जेवायची. झोपायचीसुद्धा. आत काही दुखत नव्हतं, हेच काय ते

(ते वाक्य तिनंही कधी पुरं केलं नाही.)

कॉल दुसरा. विकतचा.

"ओ काजवाल्या बाई! फोन!" कारखान्याचे मास्तर टेबलावरच्या जुन्या फोनपाशी ओरडले. "परदेशातून कुणीतरी आहे. फुकटच्या ॲपवरून आपल्या या डबड्यावर लागत नाही, म्हणून पैसे भरून लावलाय म्हणतो. धावा, त्याचं मीटर पळतंय!"

ती धावली नाही. दोरा तोडला, सुई वर घेतली, मग गेली.

"ताई... ठेवू नकोस! काका काल म्हणाले, मला उशिरा कळवलंस असं तू कबूल केलंस. का गं? तू तर आई आजारी पडल्याबरोबर कळवलं होतंस!"

"मग काय सांगू? तू येणार नाही म्हणालास, हे?"

"मी? कधी?"

"माझ्या कानांनी ऐकलं. 'मी येणार नाही.'"

विकतचा आवाज इतका स्वच्छ होता, की तिकडे तो खुर्चीतून उठल्याचंही ऐकू आलं.

"येणार नाही असं नाही... असं म्हणालो होतो गं मी! येणार नाही असं नाही, पण रजेला चार दिवस लागतील, आईला धीर दे... नंतर शंभरदा लावला. लागेना. पाचव्या दिवशी बॅग भरून दारात उभा होतो, तेव्हा काकांनी कळवलं, सगळं आटोपलं. वाटलं, तूच मला तोडलंस!"

आपल्या भाषेत होकार-नकार वाक्याच्या शेपटाला बांधलेला. फुकटच्या नेटनं नेमकं तेवढंच शेपूट तोडलं होतं.

मागं यंत्रं खडखडत होती.

"हं," ताई म्हणाली.

"हं काय? शिव्या दे! रड तरी!"

"येत नाही रे. कधीचंच येत नाही."

मग तोच रडला. दोघांच्या वाटचं तोच रडला. मास्तरांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. तिनं मान हलवली आणि रिसीव्हर कानाशी तसाच धरून ठेवला... त्याचं होईपर्यंत.

"ताई, आता रोज करीन. असाच, पैसे भरून. एक अक्षर गळू देणार नाही!"

"रोज कशाला पैसे घालतोस?" ती म्हणाली. आवाज कोरडाच होता. "फुकटचाच कर. नाही ऐकू आलं, तर पुन्हा विचारीन."