आठव्या प्रकरणातली कडी

प्रकाशक आला तेव्हा आबा गुडघ्याला तेल चोळत बसले होते.

"पानं चोरीला गेलीत," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "पाच प्रसंग. बाकी कादंबरी जशीच्या तशी."

"कसले प्रसंग?" कंपाउंडरने विचारलं.

प्रकाशकाने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग छताकडे. "रातराणीच्या कादंबरीत कसले असणार?"

कंपाउंडरचे कान लाल झाले. औषधाच्या दुकानात त्याचा जन्म गेला होता. कुजबुजत मागितलेली औषधं त्याने कागदात गुंडाळून हजारदा दिली होती, पण हा विषय निघाला की त्याची नजर अजूनही जमिनीवर जायची. दुकान सुटल्यापासून तो आबांबरोबर हिंडायचा. आबा पूर्वी विमा कंपनीसाठी खोटे दावे पकडत. आता म्हातारपणी लोकांची हरवलेली माणसं आणि वस्तू शोधत, आणि दर वेळी म्हणत, हे शेवटचं.

"रातराणी म्हणजे कोण?" आबांनी विचारलं.

"एक बाई. टोपणनाव आहे. पुस्तकात एक खून आणि त्याच्या जोडीला..." प्रकाशक अडखळला. "वाचक दोन्हीसाठी घेतात. माझा नियम आहे, दर वीस पानांना एक प्रसंग. रात्री छपाई सुरू व्हायची आहे, शेवटचं प्रकरण तेवढं मागाहून येतं. आज सकाळी हस्तलिखित घ्यायला गेलो तर हातालाच हलकं लागलं. बाईंकडे दुसरी प्रत नाही. आणि चोर घरातच सापडलाय, बाईंची नणंद."

"मग माझ्याकडे कशाला आलात?"

"ती म्हणते, पानं जाळली. माझा विश्वास बसत नाही. तुम्ही तिच्याकडून काढून द्या."

आबांनी सुस्कारा सोडला आणि धोतराला हात पुसले. "चल रे कंपाउंडर. हे शेवटचं."

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. प्रकाशकामागून, गुडघ्यांना शिव्या घालत आबा चढले. दार उघडलं ते लेखिकाबाईंच्या यजमानांनी. शाळेतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा सदरा, तोंडावर कडक शिस्त. दाराशीच एक जुनी बॅग भरून ठेवलेली होती.

"कोण गावाला चाललंय?" आबांनी विचारलं.

"माझी ताई. वृद्धाश्रमात फोन केलाय. संध्याकाळी गाडी येईल." त्यांचा आवाज कोरडा होता. "माझी बायको काय लिहिते ते मी वाचत नाही. पण तिच्या कामाला हात लावायचा नाही, हा या घरचा नियम आहे. ताईने तो मोडला. कबूलही केलं."

"सख्खी बहीण ना?"

"सख्खी म्हणूनच जास्त लागलं," ते म्हणाले आणि खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

लेखिकाबाई टेबलाशी बसल्या होत्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, अंगात चुरगळलेला झगा, गळ्याशी बटणाच्या जागी सेफ्टी पिन. समोर हस्तलिखित पडलेलं. प्रत्येक प्रकरण पांढऱ्या दोऱ्याने शिवलेलं होतं.

"हे असं शिवता का तुम्ही?" आबांनी विचारलं.

"वन्सं शिवून देतात. सुट्या पानांचा माझ्याकडून गोंधळ होतो. कथा सलग लिहून होते. प्रसंगांची पानं वेगळी असतात, ती मागाहून जागच्या जागी घालायची आणि मग शिवायचं."

"म्हणजे प्रसंग काढला तरी कथेचं पान फाटत नाही."

"नाही."

"किती होते?"

"सात. दोन राहिलेत. तिसऱ्या प्रकरणातला आणि आठव्यातला."

"खुनी कोण ते शेवटच्या प्रकरणात कळतं?"

"ते अजून लिहिलं नाही. शेवट डोक्यातच असतो माझ्या. प्रकाशकांनाही सांगत नाही."

"कुणालाच नाही?"

लेखिकाबाईंची नजर आतल्या दाराकडे गेली आणि परत आली. "यांना तर नाहीच," त्या म्हणाल्या.

आबांनी हस्तलिखित कंपाउंडरच्या मांडीवर ठेवलं. "वाच."

"मी?"

"माझा चष्मा घरी राहिला."

चष्मा आबांच्या खिशातून डोकावत होता, पण बोलायची सोय नव्हती. कंपाउंडर मनातल्या मनात वाचू लागला. कथा भराभर पळत होती. तिसऱ्या प्रकरणातल्या प्रसंगात नायिकेला तिच्या प्रियकराच्या गळ्यातल्या साखळीत तिजोरीची किल्ली दिसली. आठव्यातला प्रसंग आला तेव्हा कंपाउंडरला घाम फुटला. पाठीवरची शिवण, एकेक काज, एकेक बटण, उसवत आलेली बाही, सगळं डोळ्यांसमोर उभं राहत होतं. दोघं बोलत कमी होती, पण एकमेकांची किती वाट पाहिली होती ते कळत होतं. मध्येच दिवा जातो, उकडतं म्हणून पुरुष उठून खिडकी उघडतो, घट्ट कडी वर उचलून मग ओढतो, आणि परत येतो. कंपाउंडरने घाईघाईने पान उलटलं.

"कसं आहे?" आबांनी विचारलं.

"वाईट आहे," कंपाउंडर म्हणाला. मग खरं बोलला. "म्हणजे वाईट नाही. रडू आलं थोडं. पण आबा, या कथेत एक गंमत आहे. एरवी माणसांच्या अंगात कपडे आहेत की नाहीत तेच कळत नाही. आणि जिथे काढायची वेळ येते, तिथे शेवटचं काजसुद्धा दिसतं."

आबा पहिल्यांदाच हसले. "शाबास," म्हणाले.

त्यांनी खिशातून चष्मा काढून कथा स्वतः वाचली, मग शिवणीवर बोट फिरवलं. "जुन्याच भोकांतून दोरा गेलाय. एकही नवीन भोक नाही."

"मग नणंदबाईच," कंपाउंडर म्हणाला. "हाताच्या काकणाला आरसा कशाला?"

"हात त्यांचाच. पण का?"

"का म्हणजे? लाज वाटली. त्यांनीच सांगितलंय."

आतल्या खोलीत नणंदबाई शिलाई मशिनशी बसल्या होत्या. साठी उलटलेली, केस घट्ट बांधलेले, सुई टोचू नये म्हणून बोटात अंगुस्तान. भिंतीवरच्या खिळ्याला मापाचे कागद लटकत होते, बाह्या, गळे, पाठी. बॅग दाराशी भरून ठेवली होती, तरी त्या कुणाचा तरी सदरा आवळत होत्या.

"कुणाचं काम?" आबांनी विचारलं.

"शेजारणीच्या मुलाचं. माणूस बारीक झाला की जादा कापड काढावं लागतं. जाण्याआधी पुरं करते."

"पानं का काढलीत?"

"घाण होती."

"वाचलीत?"

"एक ओळ नाही. असलं मी वाचत नाही. प्रसंग दिसला की काढला."

"मग आठव्यातला कसा राहिला?"

मशिन थांबलं. "दिसला नसेल," त्या म्हणाल्या.

"जाळली कुठे?"

"शेगडीवर."

"गॅसच्या?" आबांनी खोलीभर नजर फिरवली. ती खिळ्याशी क्षणभर थांबली. नणंदबाईंनी खुर्ची किंचित मागे सरकवली, खिळ्याच्या पुढ्यात.

"बाई," आबा हळूच म्हणाले, "मी बाहेर जाऊन काय कळलं ते सांगणार आहे. अर्धंच सांगेन. उरलेलं सांगायचं की गाडीत बसायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा."

त्यांनी मशिनचं चाक पुन्हा फिरवलं.

बाहेर प्रकाशक घड्याळ पाहत होता. आबा खुर्चीवर टेकले. बोलायचाही कंटाळा आल्यासारखा त्यांचा चेहरा होता.

"पानं नणंदबाईंनी काढली. शिवण त्यांचीच आहे. इथपर्यंत तुम्ही सगळे पोचलात आणि थांबलात. पण लाजेने काढणारा माणूस आधी कुठला प्रसंग काढेल?"

"आठव्यातला," कंपाउंडरच्या तोंडून निघून गेलं.

"बरोबर. सगळ्यात मोठा, सगळ्यात उघडा. आणि तोच राहिला. दुसरा राहिला तिसऱ्यातला. त्याचं कारण सोपं आहे, त्यात किल्ली सापडते. तो काढला तर पुढची कथा लंगडी होते. म्हणजे काढणाऱ्याने न वाचता काढलं नाही. कथा जिथे पुढे जात नव्हती तेवढीच पानं काढली. मग आठव्यात काय पुढे जातं?"

"काही नाही," प्रकाशक म्हणाला. "पण छान आहे."

"कंपाउंडर, खिडकी कशी उघडली त्याने?"

"कडी वर उचलून मग ओढली. घट्ट होती."

"अंधारात. न विचारता. खून त्याच खोलीत झालाय, आणि तिथे आपण कधी पाऊलही टाकलं नाही असं तो पाचव्या प्रकरणात पोलिसांना सांगतो. मग कडीची खोड त्याला कशी ठाऊक?" आबा लेखिकाबाईंकडे वळले. "खून त्यानेच केलाय ना?"

लेखिकाबाईंचा हात गळ्यातल्या पिनेकडे गेला. "हो. पण हे अजून मी लिहिलेलं नाही."

"मला ते कळलं, कारण ते पान राहिलं, आणि का राहिलं असेल हे मी शोधत होतो. नुसतं वाचणारा तिथे कडीकडे बघत नाही. कंपाउंडरला विचारा." कंपाउंडरने मान खाली घातली. "ते अर्धं वाक्य जपायचं हे ज्याला शेवट ठाऊक आहे त्यालाच कळणार. आणि शेवट कुणाला सांगावा लागतो? ज्याच्याकडून प्रसंगात कडी घालून घ्यायची आहे, त्याला."

"घालून घ्यायची?" प्रकाशक खुर्चीत पुढे सरकला. "प्रसंग बाईच लिहितात."

"बाईंच्या गळ्याला बटणाऐवजी पिन आहे, आणि घरात शिवणारं माणूस आहे. कपड्याकडे त्यांचं लक्षच नाही. त्यांच्या कथेतही नाही. प्रसंगांत मात्र एकेक काज आहे. अक्षर एक आहे, कारण शेवटची प्रत बाई काढतात. पण ही दोन माणसं आहेत." आबांनी डोळे मिटले. "पानं चोरीला गेलेली नाहीत. लिहिणाऱ्याने आपलीच पानं काढलीत. पुढचं सांगायचा हक्क माझा नाही."

खाली रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला.

नणंदबाई दारात उभ्या होत्या. हातात मापाच्या कागदांची गुंडाळी होती. त्यांनी ती टेबलावर ठेवली. बाह्या आणि गळ्यांच्या आतून लिहिलेली पानं बाहेर आली.

"पहिल्या पुस्तकापासून मीच लिहिते," त्या भावाकडे न बघता म्हणाल्या. "वहिनीला शपथ घातली होती, तुला कळू द्यायचं नाही. असल्या लिखाणाचा विटाळ मानणारी सोवळी म्हणून घराबाहेर गेले असते तर चाललं असतं. हे कळून तुझ्यासमोर राहणं अवघड वाटलं."

"वन्सं, मी सांगणारच होते," लेखिकाबाईंचे डोळे भरले. "गाडी आली की सांगणार होते."

"पण काढली का?" प्रकाशक ओरडला.

"तुमच्या वीस पानांपायी! त्या दोघांचं भांडण झालेलं असतं, प्रेत पडलेलं असतं, आणि तुमचं घड्याळ वाजलं की मी त्यांना पलंगावर ढकलायचं. एकमेकांना सांगायला काही उरलेलं नसताना. वहिनीला म्हटलं, ती म्हणाली चालवून घ्या. नाही चालवून घेता आलं मला. जादा कापड होतं, काढलं."

प्रकाशक त्यांच्याकडे वळला. मग त्याने विचारू नये ते विचारलं. "तुमचं लग्नही झालेलं नाही. हे सगळं तुम्हाला कसं माहीत?"

"वहिनीने किती खून केलेत, विचारलंत कधी?"

कंपाउंडरला हसू आलं. हॉर्न पुन्हा वाजला. यजमान खिडकीपासून वळले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी दाराशी जाऊन बॅग उचलली. नणंदबाईंनी डोळे मिटले.

ते बॅग घेऊन आतल्या खोलीत गेले, मशिनशेजारी ती ठेवली आणि बाहेर आले.

"मी वाचत नाही म्हणजे वाचणार नाही," ते बहिणीला म्हणाले. "पण राहा." आणि गाडी परत पाठवायला जिना उतरून गेले.

प्रकाशकाने पाच प्रसंग चाळले, बाजूला ठेवले, पुन्हा उचलले. "निदान एक तरी घेऊ द्या."

"एकही नाही," लेखिकाबाई म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्याला नाही म्हणायची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

"मग शेवटच्या प्रकरणात तरी? खुनी पकडायच्या आधी, तिची नि त्याची शेवटची भेट?"

लेखिकाबाईंनी वन्संकडे पाहिलं. नणंदबाईंनी बोटातलं अंगुस्तान काढलं आणि खुर्ची ओढून वहिनीशेजारी बसल्या.

"भेट होऊ दे," त्या म्हणाल्या. "पण कुणी कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. दमलीत गं ती दोघं. नुसती शेजारी झोपू दे."