बहिणीच्या लग्नात भाऊ

कोरेगावच्या एका स्टुडिओत उत्कर्षा लग्नांचं शूटिंग करायची आणि त्यांचे व्हिडिओ एडिट करायची. त्या दुपारी ती पंगतीच्या क्लिपा कापत बसली होती, तेवढ्यात दारात एक तरुण येऊन उभा राहिला. केस बारीक कापलेले, पाठ ताठ... आणि बोलताना मात्र अडखळत होता.

ती ज्या लग्नाचा व्हिडिओ करत होती, त्यातल्या नवरीचा, पूजाचा तो भाऊ, शिवतेज. सैन्यात होता. बहिणीच्या लग्नाला सुट्टी मिळाली नव्हती, ती आता मिळाली होती. त्यानं मोबाइल पुढं केला. लग्नाच्या मुहूर्तावर, सीमेवरच्या बर्फात उभं राहून, त्यानं मूठभर तांदूळ दूर उधळले होते. मित्रानं ते टिपलं होतं.

‘‘हे मांडवात बसवता येईल का? मी मामाच्या शेजारी उभा हाय असं?’’

‘‘मांडवात बर्फ कुठनं आणू?’’ ती हसली. तोही हसला, पण त्याचे कान लाल झाले.

दुसऱ्या दिवशी तो उकडलेल्या शेंगा घेऊन आला. तिसऱ्या दिवशीही आला. तिनं क्लिप कापली की त्याला हळहळ वाटायची; तो विचारायचा, एवढ्या माणसांना कशाला काढता? ती म्हणायची, सगळ्यांना ठेवलं तर नवरी दिसायची कधी?

त्याच्यासाठी जागा शोधताना तिनं टाकून दिलेल्या क्लिपा पुन्हा उघडल्या. त्यात त्याची आई होती, सुलाबाई. मंगलाष्टकं चालू असताना त्या सारख्या मांडवाच्या दाराकडं वळून बघत होत्या. भलतीकडं बघतात म्हणून उत्कर्षानं ते काढलं होतं. आता तिनं ते परत जोडलं. आधी आईची नजर, मग बर्फातला शिवतेज, त्याच्या हातातून सुटलेले तांदूळ... आणि लगेच पूजाच्या डोक्यावर पडणाऱ्या अक्षता.

शिवतेजनं ते पाहिलं. बाहेर जाऊन तोंड धुऊन आला. मग त्यानं हळूच विचारलं, हे आईला दाखवू का नको? तिनं सांगितलं, दाखवा, पण शेजारी बसून दाखवा.

दुसऱ्या दिवशी त्यानं येऊन सांगितलं, आईनं तीनदा बघितलं, आणि हे कुणी जोडलं म्हणून विचारलं.

‘‘मग काय सांगितलंत?’’

‘‘नाव सांगितलं. आई म्हणाली, नुसतं नाव घ्यायला एवढा लाजतोस कशाला.’’

आता उत्कर्षाचे कान लाल झाले.

काम संपलं होतं, तरी तो येतच राहिला — आत्यासाठी पेनड्राइव्ह, मावशीसाठी पेनड्राइव्ह. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी तो रिकाम्या हातानं आला.

‘‘आज कुणासाठी?’’

‘‘माझ्यासाठी. मला तुमी आवडता, उत्कर्षा. आईला तुमच्या घरी पाठवू का?’’

तिचा हात माउसवर थांबला. मग तिनं सरळ सांगितलं, तिला साताऱ्यात स्वतःचा स्टुडिओ काढायचा होता. लग्न झालं म्हणून हे काम ती सोडणार नव्हती.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. ‘‘मग जागा बघून ठेवा. माझी नोकरी अजून आठ वर्षं हाय. परत आलो की तुमचा ट्रायपॉड धरतो.’’

‘‘आठ वर्षं वाट बघू म्हणता?’’

‘‘न्हाई न्हाई... लग्न आधी करू. ट्रायपॉड नंतर.’’

ती बराच वेळ खाली बघून हसत राहिली.

‘‘रविवारी सकाळी या म्हणावं आईंना,’’ ती म्हणाली. ‘‘दुपारी मला शूटिंग हाय.’’