लेखनिकाची ओळ

हे घडलेलं आहे. ज्यांना थाप वाटते त्यांनी कुळगावात कुमुदिनीबाईंकडे जावं आणि चहा घेता घेता विचारावं. सगळं सांगतात. फक्त शुक्रवारी जाऊ नका.

१० फेब्रुवारी १९८९. अंबरनाथ, मोरिवलीजवळची बैठी चाळ. शुक्रवार म्हणजे कारखान्यांची सुट्टी. यंत्रांची घरघर नाही, केमिकलचा वास नाही.

म्हणूनच तो दुसरा वास लगेच कळला...

कुमुदिनीचा नवरा श्यामकांत उल्हासनगरच्या कॉलेजात इतिहास शिकवायचा. पीएचडीचा विषय, आरंभीचा ख्रिस्ती समाज आणि गुलामगिरी. सात वर्षं तो सांगायचा आणि कुमुदिनी लिहून घ्यायची. पक्की प्रतही तिच्याच हातची. महिनाअखेर प्रबंध टायपिंगवाल्याकडे गेला नाही, तर वाढवून मिळालेली मुदत संपणार होती. सात वर्षं पाण्यात.

शेवटचं प्रकरण एका प्राचीन पत्राचं. कुठल्याशा ख्रिस्ती मंडळीतल्या वडीलधाऱ्याने दुसऱ्या गावच्या बंधूंना लिहिलेलं. प्रेम, आशीर्वाद आणि पळालेला गुलाम पकडून परत पाठवल्याबद्दल आभार. पत्राचा फोटो होता, शेजारी इंग्रजी भाषांतर. तळाला एक ओळ वेगळी होती.

"हे लिहिणारा तोच. कपाळावर तापल्या लोखंडाचा डाग दिलाय. माझं नाव सोतास."

कुमुदिनीला किळस आली. त्या गोड गोड आशीर्वादांचीच.

"अहो, ही ओळ राहिली."

"गाळ ती. लेखनिकाची आहे."

"पण ज्याला पकडलं, त्याच्याकडूनच आभाराचं पत्र लिहून घेतलं हो..."

"कुमुद, ते लोक गुलामांना भाऊ मानत होते, हे माझं म्हणणं आहे. एका ओळीपायी सगळ्यावर बोळा फिरवू? तुझं काम उतरवायचं. अक्कल चालवायची नाही."

तो जेवून कॉलेजला गेला. त्याच्याच उष्ट्या ताटात ती जेवायला बसली, सासूबाईंनी लावलेली रीत. घास तोंडात फिरत राहिला.

पण ओळ तिने गाळली.

दुपारी शाई वाळायला तिने पानं पलंगावर पसरली, दाराला कडी घातली आणि मोरीत कपडे धुवायला बसली.

चप... चप... चप...

गाय वासराला चाटते, तसा आवाज. खोलीतून.

ती धावत आली. कोणी नव्हतं. कडी जशीच्या तशी.

एकच पान ओलं होतं. प्रतिज्ञापत्राचं. 'हे काम मी स्वतः केले आहे' आणि त्याखाली श्यामकांतची सही.

सही नव्हती...

तिथे काळी, चिकट थुंकी होती. पुसताना बोटांना तार आली. कुमुदिनी मोरीत जाऊन भडाभडा ओकली.

दार वाजलं. भांड्यांना आलेली विठा उंबऱ्यातच थांबली.

"वयनी, काय जललं गो? चामडं जलल्याचा वास येतंय."

संध्याकाळी श्यामकांतने "मांजर असेल" म्हणून पुन्हा सही ठोकली. रात्री कुमुदिनीला चौथ्या प्रकरणातली टीप आठवली. चुकलेली शाई ते जुने लेखनिक जिभेने चाटून काढत. टीप तिनेच उतरवली होती.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा. तेच पान, तीच सही.

त्या दिवशी तिने गुपचूप ती ओळ पत्राखाली लिहून टाकली.

२४ तारीख, शुक्रवार. श्यामकांत रजा घेऊन पानं तपासायला बसला. ओळ दिसली आणि त्याने पान टराटरा फाडलं.

"नवीन लिही."

"मी नाही लिहिणार."

सात वर्षांत पहिल्यांदा. तो तणतणत स्वतःच लिहायला बसला. ती चहा ठेवायला आत गेली.

चप... चप...

नको बघायला, असं तिला वाटलं. तरी गेली.

श्यामकांत प्रतिज्ञापत्रावर वाकला होता. जीभ बाहेर. आपली सही तो चाटत होता... सावकाश, एकेक अक्षर, कढीची वाटी निपटावी तसा. हनुवटीवरून काळा ओघळ सदऱ्यावर उतरला होता.

मग त्याने मान वर केली.

"काय बघतेस? झाला का चहा?"

दात काळे. जीभ काळी. तोंडाला जळक्या चामड्याचा भपकारा. आणि त्याला काहीच माहीत नव्हतं.

तिने कोपऱ्यातला आरसा आणून त्याच्यापुढे धरला.

"ती ओळ मी लिहिणार आहे," ती म्हणाली. "आणि त्या सहीखाली माझंही नाव."

तो आरशात बघत राहिला. मग त्याने पेन तिच्यापुढे सरकवलं.

प्रबंध तसाच गेला. पदवीही मिळाली. कागदावर पुन्हा कधी थुंकी दिसली नाही.

पण त्यानंतर कुमुदिनीबाई त्याच्या ताटात जेवल्या नाहीत. सासूबाई बोलल्या, माहेरचे बोलले. त्यांना जमलंच नाही. शुक्रवारी त्याचं ताट घासताना अजूनही पहिलं पाणी काळं निघतं...

"तो सोतास गेला, की अजून ह्यांच्या तोंडात आहे, कोण जाणे," त्या सांगतात. "पण त्याची किळस केव्हाच गेली. बिचारा नावासाठी आला होता. ह्यांची मात्र अजून जात नाही."