जिन्याखालची अर्धी खोली

तर श्रीनिवास, म्हणजे आमच्या उल्काचा नवरा, त्या संध्याकाळी बाहेर पडला तो फक्त दोन बिजागऱ्या आणायला. तेव्हा ते मँचेस्टरला राहायचे. गेल्या नोव्हेंबरची चौदा तारीख, शुक्रवार. अक्षरा, खिदळू नकोस. तू त्याला दिवाळीत पाहिलंयस, थापा मारणाऱ्यातला नाही तो.

घर भाड्याचं. मालकीण मिसेस लिन, ऐंशीच्या पुढची चिनी बाई. किल्ल्या देताना तिनं सांगितलं होतं, स्वर्गातल्या देवाच्या महालात म्हणे दहा हजार खोल्या. पृथ्वीवरच्या बादशहानं देवाशी बरोबरी करू नये, म्हणून बीजिंगच्या महालात नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खोल्या बांधल्या, आणि वर एक अर्धी. तिच्या सासऱ्यानं त्याच नेमानं हे घर करून घेतलं. किचन, बाथरूम, लॉफ्ट धरून नऊ, आणि जिन्याखाली अर्धी. तिला दार नाही.

"लावूही नका," बाई म्हणाली होती. "दार लागलं की खोली पुरी होते. पुऱ्या खोलीत कुणीतरी राहायला येतं."

आता मराठी माणसाला रिकामा कोनाडा दिसला की तिथे देव बसलेच. पहिल्याच आठवड्यात देवघर मांडलं. पण सहा वर्षांची ईशिता येता-जाता निरांजनाला हात लावायची.

"श्री, सेफ नाहीये रे हे. एक दार लाव ना," उल्का म्हणाली.

"अगं, पण मिसेस लिननी..."

"देवाच्या खोलीत कोण येणारे राहायला?"

पटण्यासारखंच होतं. मीही हेच म्हणालो असतो.

पॅसेज अरुंद, म्हणून त्यानं दार आत उघडणारं बसवलं. आतून मूठ लावायची राहिली होती. त्याच रात्री आठ चाळीसला तो निरांजन लावायला आत वाकला. मागे दार लागलं.

नखांनी ओढलं. हललं नाही.

"उल्का!"

...

निरांजन विझलं. त्यानं मागे हात नेला. तिथली भिंत हातभर अंतरावर होती, रोज कोपर आपटायचं. हात पुढे गेला. आणखी पुढे. भिंत... नव्हती.

बाहेरून उल्काचा आवाज आला. अगदी स्वच्छ. "श्री, ईशिताला झोपवतोस का? आईला झोप येत नाहीये, ऑनलाइन आलीये."

तो ओरडला. घसा फाटेस्तोवर.

"हो, जातो," बाहेर कुणीतरी म्हणालं.

त्याच्याच आवाजात.

मग डोक्यावर पायरी वाजली. एक. ...दुसरी. पावलं ईशिताच्या खोलीकडे निघाली होती.

पोरांनो, तो रडला. मला म्हणाला, काका, स्वतःची भीती तिथेच संपली, डोळ्यांपुढे नुसती पोर.

बिजागऱ्या आतल्या बाजूला होत्या. चाचपडताना पळी हाती लागली. पळीच्या दांड्यानं त्यानं खालची खीळ ठोकून काढली. वरची अडली. मागे अंधारात कुठेतरी एक दार लागलं. मग आणखी आत... आणखी एक. तो वळला नाही. ठोकत राहिला.

दार पडलं.

"अरे!" उल्कानं लॅपटॉपवरून मान वळवली. "तू वर गेलास ना आत्ता?"

तो तीन-तीन पायऱ्या चढत गेला.

ईशिता झोपली होती. एकटी. श्वास चालू होता.

फक्त तिचे केस... उल्कानं मघाशी विंचरून मोकळे सोडलेले. आता वेणी होती. घट्ट. नऊ पेडांची. मानेपर्यंतच आलेली, खालचे केस तसेच सुटे.

ती सोडवता येईना. मुळापासून कापावी लागली.

घर त्यांनी आठवड्यात सोडलं. आता लंडनजवळ इल्फर्डला असतात. पोरीचे केस कचऱ्यात टाकवेनात, म्हणून उल्कानं ते डब्यात ठेवलेत. गेल्या महिन्यात मी तो डबा उघडून पाहिला.

वेणी टोकापर्यंत घालून झाली होती.