आखाजीचा घास

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात पितरांना जेवू घालतात. चुलीतले निखारे बाहेर ओढायचे, तूप सोडायचं आणि एकेका गेलेल्याचं नाव घेऊन घास टाकायचा. नावं मात्र आपल्याच घरची. ज्याचं नाव घेतलं तो त्या घरचा झाला, एवढा साधा नियम.

अडुसष्ट साली धरणगावच्या जीवरामने तो मोडला. तोही भित्रेपणापायी!

जीवराम मास्तर होता, अमळनेरला बी.ए. झालेला. सगळ्या गल्लीला हसवायचा. पण मनातलं बोलायची वेळ आली की तोंडून विनोद बाहेर येई. मागच्या आखाजीला समोरच्या घरची मंजुळा निंबाच्या झोक्यावर बसून म्हणाली होती, "उद्या साक्रीना पाव्हना माले देखाले ई राहिनात. एकदाव हा म्हन, मी त्यासले नाही म्हनसू."

"साक्रीची हवा थंड असते म्हणे," तो म्हणाला. "तुझं डोकं तरी निवेल."

मंजुळा लग्न होऊन साक्रीला गेली. दिवाळीच्या आत तापाने गेली.

या आखाजीला धुळ्याचे तोतारामआबा मुलीची सुपारी फोडायला आले होते. जीवरामने केव्हाच होकार दिला होता, कारण या लग्नात त्याला काहीच बोलावं लागणार नव्हतं. सगळं वडीलधारेच बोलत होते.

सकाळी निखाऱ्यांवर त्याने आजोबांचं नाव घेतलं, काकांचं घेतलं. शेवटचा घास टाकताना ओठांतल्या ओठांत पुटपुटला, "मंजुळा." मेलेल्या माणसापुढे मन उघडं करायला कसली भीती?

निखारा फुलला. तुपाऐवजी केस जळल्याचा वास आला.

आमरस आणि मांडे खाऊन पाहुणे ओट्यावर लवंडले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. उन्हाने छपरांचे पत्रे कडकड वाजत होते. जीवराम पाणी आणायला निघाला, तर निंबाखालचा झोका हलत होता. रिकामा. पण दोर ताणलेले होते आणि फांदी करकरत होती.

"झोका दे ना, मास्तर..."

"मंजुळे... साक्रीची गाडी चुकली वाटतं?" सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं.

दोराचा वेढा त्याच्या मनगटावर बसला. भर वैशाखात बर्फासारखा गार.

"आजून मस्करीच? खरं सांग."

"तू... मला आवडत होतीस."

"जोरमा."

"ओट्यावर पाहुणे आहेत गं..."

"तूच नाव लिधं. आते मी बी तुन्हाच घरनी शे. बठ्ठी गल्लीले ऐकू दे."

दोर हाडापर्यंत रुतला. जीवराम किंचाळला, "आवडत होतीस! हो म्हणायला मी घाबरलो! म्हणून विनोद केला!"

दारं उघडली. तोतारामआबा डोळे चोळत उठले, झाडाला बिलगून रडणारा जावई त्यांनी पाहिला आणि टोपी झटकली.

"पोर याले देऊ का या निंबले?" ते म्हणाले, आणि चारच्या एसटीने धुळ्याला निघून गेले.

जीवरामची आत्या बेबाबाई हिने झोका सोडून ठेवला. लाजेने मेल्यासारखा झालेला जीवराम आतल्या खोलीत जाऊन पडला. सगळी अब्रू गेली, पण निदान बोलून झालं, सुटलो, असं त्याला वाटलं.

दिवेलागणीला बेबाबाईला बाहेर गर्दी दिसली. निंबाखाली अख्खी गल्ली मान वर करून उभी होती आणि फांद्यांतून जीवरामचा आवाज येत होता. शांत, स्वच्छ. लहानपणापासूनचं, कधी कुणाला न सांगितलेलं एकेक सांगत होता.

तिने धावत येऊन खोलीचं दार ढकललं. जीवराम दोन्ही हातांनी तोंड दाबून बसला होता.

बाहेर त्याचा आवाज थांबत नव्हता. आणि अजून तो त्याच्या सातव्या वर्षापर्यंतच पोचला होता...