शेजारची सीट

माझं पडद्यांचं दुकान आहे. खिडक्यांची मापं घ्यायची, कापड कापायचं, शिवून आलं की शिडीवर चढून टांगायचं, यात हयात गेली. एके दिवशी दुपारी दुकानात एक बाई आल्या. साधारण माझ्याच वयाच्या, थकलेल्या.

"जाड कापड हवंय. पाणी न झिरपणारं. गाडीच्या टपाला ठिगळ लावायचंय."

"गाडीच्या टपाला?"

"उघडतो तो. कापडी आहे. माझ्या धाकट्या भावाची गाडी. विकायचीय, पण फाटक्या टपाने कोण घेणार?"

मी माप घ्यायला त्यांच्या घरी गेलो, एवढंच. खरंच एवढंच.

त्यांनी शेडचं दार वर सरकवलं आणि मी टेप हातात धरून तसाच उभा राहिलो. बुटकी, लांब नाकाची, गडद हिरवी गाडी. सीट दोनच. मागे एक पिशवी मावेल न मावेल. संसाराच्या कसल्याही कामाची नाही, आणि म्हणूनच जीव अडकला. लेक लग्न होऊन लांब गेलेली, घरात आम्ही दोघं. या वयात माणूस गुडघ्याचा पट्टा विकत घेतो. मी खेळणं घेतलं.

"टप शक्यतो उघडाच ठेवा हं," ताई किल्ली देताना म्हणाल्या. "त्याला बंद गाडी सोसायची नाही. आणि शेजारची सीट... जमेल तेवढी रिकामी ठेवा."

का, ते मी विचारलं नाही. हातात किल्ली आली होती.

गाडी शेडबाहेर काढताना मागच्या खोलीची खिडकी दिसली. खिडकीला लागून पलंग, आणि पलंगावर धाकटा. मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून तो तसाच पडून होता. बोलणं गेलेलं, हातपाय गेलेले. शुद्ध मात्र पक्की होती. काही विचारलं की पापणी मिटून 'हो' म्हणायचा. त्याचे डोळे गाडीबरोबर सरकत होते. रस्त्याला लागेपर्यंत मला वाटत राहिलं, मी गाडी नेत नाही, या माणसाचे पाय काढून नेतोय.

बायकोने दारातच कपाळावर हात मारला. "दोनच सीट? बरं झालं. आता तुमच्या बहिणीला 'आम्हालाही फिरवून आणा' म्हणायची सोय उरली नाही."

मग रोज सकाळी दुकान उघडण्याआधी मी एकटाच निघायचो. ताईंच्या घरावरून, टेकडीच्या वळणावळणाच्या रस्त्याने वरच्या कठड्यापर्यंत आणि परत. वारा कानांत घुमायचा, गवताचा आणि गरम इंजिनाचा वास यायचा. खूप सुख होतं त्यात. पण प्रत्येक वळणावर ते खिडकीतले डोळे आठवायचे आणि सुखात खडा लागायचा. शेवटी न राहवून, फळं घेऊन धाकट्याला भेटायला गेलो.

खोलीत औषधांचा आणि धुतलेल्या चादरींचा वास होता. मी पलंगाशी वाकलो. अंथरुणाला खिळलेला माणूस फिकट असतो. याचं नाक उन्हाने सोललेलं होतं. केस मागे उडून ताठ बसलेले.

"काल वरपर्यंत गेला होतात ना?" ताई हसत होत्या. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "केस विंचरले तर कुसळं निघाली. भाऊ, तुमचे उपकार कसे फेडू? किती खूश असतो तो हल्ली!"

"खिडकीतून ऊन येत असेल..." मी म्हणालो.

"ही खिडकी उत्तरेची आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. मग त्याच्याकडे वळून विचारलं, "मजा येते ना रे?"

धाकट्याने पापण्या मिटल्या. उघडल्या तेव्हा तो माझ्याकडेच बघत होता.

मी कोणाला काही बोललो नाही. गाडी चालवणं थांबवलं नाही. थांबवायची हिंमत नव्हती. पण आता शेजारच्या सीटकडे मान वळवत नव्हतो. वळणावर गाडी कलली की ते चामडं करकरायचं, कोणी सावरून बसावं तसं.

बायकोच्या वाढदिवसाला ती आवरून तयार. "मला एकदाही बसवलं नाहीत त्या खेळण्यात. आज मी येणार."

"पुढच्या रविवारी जाऊ..."

"अहो, शेजारी बसवता तरी कोणाला?" ती थट्टेत म्हणाली. नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही. ती बसली.

टेकडी चढायला लागलो तशी तिची बडबड कमी झाली. ती दाराकडे सरकत गेली, मग आणखी सरकली.

"काय झालं?"

"काही नाही... ही सीट इतकी अरुंद आहे का हो?" थोडं थांबून, अगदी हळू, "माझ्या मानेवर कोणाचा तरी श्वास लागतोय... उलट्या बाजूने वारा येईल का असा?"

मी वेग वाढवला. वर पोचताच ती गाडीतून उडी मारल्यासारखी उतरली आणि कठड्याला धरून उभी राहिली. मीही उतरलो. लख्ख ऊन होतं. कठड्याजवळच्या चहावालीच्या स्टोव्हचा फुरफुर आवाज येत होता. आम्ही दोघं गाडीपासून लांब उभे होतो आणि मागून आवाज आला.

खट्.

आम्ही वळलो. शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा लागला होता. माणसाची छाती जिथे असावी तिथे तो फुगीर, ताणलेला. आणि हलत होता... श्वासाबरोबर हलावा तसा.

 तेवढ्यात प्रवासी सोडून रिकामी परतणारी एक टॅक्सी दिसली. मी हात केला, तिला आत बसवलं. मग मी जे केलं ते आजही मला जेवू देत नाही. मी गाडीकडे बघून मोठ्याने म्हणालो, "आलोच हं मी. पाच मिनिटांत."

तिथे कोण बसलंय हे मला ठाऊक होतं. गाडीशिवाय त्याला स्वतःहून परतता येत नाही, हेही ठाऊक होतं. तरी लहान मुलाला फसवावं तसं फसवून मी टॅक्सीत बसलो आणि एकदाही मागे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच फोन वाजला. ताई ओरडल्या नाहीत. नुसतं विचारलं, "भाऊ, त्याला कुठे सोडलंत?"

मी धावत गेलो. धाकटा पलंगावर होता, श्वास चालू होता. केस वाऱ्याने विस्कटलेले, अंग गार. डोळे उघडे, पण त्यांत कोणी नव्हतं. ताई पुन्हापुन्हा विचारत होत्या, "ऐकू येतंय ना? ऐकू येतंय ना रे?" पापणी हलत नव्हती.

मिळेल त्या बसने टेकडीवर पोचलो. गाडी होती तिथेच होती. पट्टा सुटलेला. चहावाली कप विसळत होती. मी काय विचारणार? म्हटलं, "काल गाडीत... कोणी दिसलं का?"

"कोणी नव्हतं साहेब," ती म्हणाली. मग जरा घुटमळली. "पण ऊन उतरल्यावर एक कुटुंब आलं होतं. आईबाप आणि एक लहान मुलगी. आईबाप फोटो काढत होते आणि पोर तुमच्या गाडीपाशी उभी राहून कधीची बोलत होती. मला वाटलं, खेळत असेल. मग निघताना तिने त्यांच्या गाडीचं मागचं दार उघडून धरलं. आधी कोणाला तरी चढू द्यावं तसं. आणि मग स्वतः बसली."

"कोणती गाडी? कुठून आले होते?"

"आता काय सांगू? पांढरी होती. अशा शंभर येतात."

मी टप उघडा ठेवून सावकाश खाली आलो. शेजारी चामडं एकदाही करकरलं नाही.

आता मी रोज जातो. शेजारची सीट रिकामी ठेवून वर तासभर थांबतो, पांढरी गाडी दिसली की आत डोकावतो. लोक मला वेडा समजतात. बायको घरी असते. त्या गाडीचं नाव काढलेलं तिला चालत नाही. ताई मात्र मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. उलट चहा करतात. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गेल्या आठवड्यात त्यांनी मला घाईने बोलावलं. त्याचं अंग पुसायला घेतलं होतं. बाही वर सरकवलेली होती. "हे बघा," त्या कुजबुजल्या.

धाकट्याच्या मनगटाच्या वर लालसर वळ उठले होते. चार बारीक आणि एक आडवा. लहान मुलाच्या बोटांचे. गाडी फार जोरात जायला लागली की पोर शेजारच्याचा हात धरतं ना, तसे.

"कधी उठले हे?" मी विचारलं.

ताईंनी नुसतं बोट दाखवलं. आम्ही बघत असतानाच ते वळ आणखी खोल रुतत चालले होते.