रेड रस्कचे बूट

"एकवीस नाही, बावीस माणसं मारली रेड रस्कनं!" काच पुसता पुसता डेल्फिना म्हणाली.

"बाविसावा त्याचं नुसतं नाव ऐकून मेला. तो धरत नाहीत!" वेसनं सुनावलं.

दरोडेखोर रस्क होताच तसा! धावत्या घोड्यावरून उडी मारून तो घोड्याच्या आधी गावात पोचायचा म्हणे. लोमॅक्ससाहेबांचे आजोबा गावचे शेरीफ, म्हणजे फौजदार. त्यांनी सत्तावन्न वर्षांपूर्वी पहाटेच्या धुक्यात त्याला गोळी घातली. आता साहेब त्याच्या थडग्याशेजारी संग्रहालय चालवत, आणि सुट्टीत पोरांकडून फुकटात काचा पुसून घेत.

"वेस, रस्कचे हे बूट बघ!" डेल्फिनाचा धाकटा भाऊ एलिसेओ कुजबुजला.

वेस गुराख्याचा मुलगा, घोड्यांत वाढलेला. त्यानं कपाट उघडून बूट उलटे केले. "घोडेस्वार टाचेला लोखंडी काटा बांधतो. त्याचा एकही ओरखडा नाही! तळ मात्र पार झिजलेत. हा माणूस पायी फिरायचा."

"आणि लंगडायचा," डेल्फिना म्हणाली. "डाव्या टाचेखाली चामड्याचे तीन थर जास्त आहेत!"

जेवताना तिनं हे घरी सांगितलं. घेवड्याचा घास घेणाऱ्या सोफेरा आजीचा हात थांबला.

"मेंढीचं चामडं? पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेलं?"

"तुला कसं माहीत?"

"आईनं शिवलं होतं. माझ्या बाबांसाठी."

आजीचे बाबा मेंढपाळ. रस्क मेला त्याच वर्षी, आजी सात वर्षांची असताना, ते बायकोपोरीला टाकून पळाले, असं अख्खं गाव सांगे. 'पळपुट्याची पोर' ऐकतच आजी म्हातारी झाली होती. घरात त्यांचं नाव काढायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी संग्रहालयाच्या चारच्या खेळात, लुटुपुटीच्या गोळीबारानंतर, डेल्फिनानं भर गर्दीत गोड आवाजात विचारलं, "साहेब, हे बूट नक्की थडग्यातल्या प्रेताच्याच पायातले?"

"अलबत! माझ्या आजोबांनी स्वतः काढले!"

"दुसऱ्या कुणाचे नसतील ना?"

"देवाशपथ नाही!"

"मग डावा बूट सगळ्यांना उलटा करून दाखवा!"

साहेबांनी ऐटीत दाखवला. वेसनं टाच समजावून सांगितली. मग आजी पुढे आली. "हे बूट माझ्या बाबांचे आहेत. रस्क समजून तुमच्या आजोबांनी एका मेंढपाळाला मारलं, आणि चूक झाकायला रस्कच्या नावानं पुरलं."

लगेच टाळ्यांचा कडकडाट! पाहुण्यांना वाटलं, हाही खेळातलाच भाग.

"वा रे पोरांनो! काय डोकी आहेत!" पांढऱ्या पडलेल्या साहेबांना टाळ्या ऐकून हसू फुटलं. त्यांनी एलिसेओची पाठ थोपटली. "आजी, उद्यापासून रोज या. चारच्या खेळात हेच बोलायचं!"

"पण थडग्यावरचं नाव?" डेल्फिना ओरडली.

"ते कसं बदलणार, बाळ? लोक रस्कला बघायला येतात."

आजी थडग्याजवळ जाऊन मातीत बसली. पोरं मागोमाग धावली.

"शाबास रे," आजी मान न वळवता म्हणाली. "आता जरा लांब जा. सत्तावन्न वर्षं शिव्या घातल्यात मी त्यांना. माफी मागायला वेळ लागेल."